माणसांचं तोरण

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी तिला सात सुया ओवून दिल्या. रोजचंच काम. दिवे लागायच्या आधी उंबऱ्यावर बसायचं, दोरा जिभेला लावायचा, सुया ओवायच्या आणि कोंडा भरलेल्या सुयांच्या गादीत एकेक टोचून ठेवायच्या. मग ती दुसऱ्या दिवसभर त्या एकेक उपटून वापरायची. डोळे अधू झाले होते तिचे, पण कबूल करेल तर शपथ. सगळं दिसतं, हेच पालुपद. म्हणायची, "माले दिसस बठ्ठं. सुईनं भोकच या लढाईपासून सरकारनी बारीक करी टाकं." कापड कंट्रोलवर, साखर कंट्रोलवर, तसं सुईचं भोकही कंट्रोलवर.

त्या दिवशी सातवी सुई ओवली तेव्हा ती म्हणाली, "दोरा लांब ठेवा, तुमना हात आखूड शे." मी म्हटलं, "हात आखूड नाही, तुझं काम संपत नाही." बस. पन्नास वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं हे. आधी ठाऊक असतं तर काही बरं बोललो असतो. पण बरं बोलायची सवय मला नव्हती, आणि ऐकायची तिला नव्हती.

आता ही बाई कोण ते सांगतो. धरणगावात आमच्या गल्लीत तिला सगळे अक्का म्हणत, आणि तिला दुरून बघितलं की सगळे धोतराचा सोगा हातात धरत. कारण अक्काच्या कमरेला कात्री असायची. आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगावरचा कपडा ती नखाएवढा कापून घ्यायची. घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. पाहुणा असो, जावई असो, चार दिवसांसाठी गावाला जाणारा नवरा असो.

"कोठे चालना? उभा ऱ्हाय. तुनं काय जास?"

आणि कच्चकन कात्री. कापायची आतल्या शिवणीचं, दिसणार नाही असं. मान द्यायला हवा तो देतो, हात सफाईचा होता.

या तुकड्यांचं ती तोरण करायची. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दाराला आंब्याची पानं लावतात. आंब्याची पानं चार दिवसांत वाळून जातात, ते अक्काला मान्य नव्हतं. ती पानं शिवायची. जुन्या हिरव्या लुगड्याचं दुपदरी पान, आत जिनात झाडून काढलेला कापूस, कडेला पिवळा दोरा, आणि मधोमध त्या माणसाचा तुकडा. मी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतो, म्हणून कापूस फुकट. एक माणूस, एक पान. दर आखाजीला जुनं तोरण उतरवून झटकायची, उसवलेलं टाचायची आणि वर्षाची नवी माणसं जोडायची.

पहिल्या वर्षी तोरण चौकटीच्या निम्म्यावर आलं होतं. मग पूर्ण भरलं. मग दोन्ही बाजूंनी खाली उतरलं. शेवटी शेवटी ते जमिनीला टेकलं आणि उंच माणसाला आमच्या घरात शिरताना दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारावी लागत. माणसं म्हणतो, कारण ती पानांना नावानंच हाक मारायची. एकदा दुपारी ती अंगणातून अशी ओरडली की गल्ली धावत आली.

"बकरीनं मास्तरले खाई टाकं! धावा रे! बकरीनं मास्तरले खाई टाकं!"

समोरचे तुळशीनाना जेवण टाकून काठी घेऊन आले. बघतात तर आमची शेळी तोरणाखाली उभी, आणि तोंडातून मराठी शाळेच्या मास्तरांच्या उपरण्याचा दोरा लोंबतोय. नाना हसून हसून ओट्यावर बसले. अक्का हसली नाही. कात्री घेऊन थेट शाळेत गेली आणि मास्तरांना वर्गातून बाहेर बोलावून म्हणाली, तुम्हाला शेळीनं खाल्लं, दुसरा तुकडा द्या. मास्तर भला माणूस. त्यानं लगेच उपरणं पुढे केलं.

आमच्या सोनीला पहूरला दिली. तिचा नवरा पहिल्या आखाजीला नवा कोट घालून आला. काळा, गळाबंद, जळगावच्या शिंप्यानं शिवलेला. परत निघाले तेव्हा अक्का कात्री घेऊन उभी. जावई घाबरून मागे सरला आणि कात्री नेमकी कोटाच्या पुढच्या पदराला लागली. रुपयाएवढं भोक.

"तुम्ही हालनात, जवाईबापू," ही म्हणाली. माफी नाही, काही नाही. बैलगाडी थांबवून ठेवली आणि त्या भोकावर हिरव्या कापडाचा पोपट शिवला. लाल चोच, डोळ्याच्या जागी गुंज. जावई तो पोपट घेऊन पहूरला गेला. मला वाटलं, संपलं, आता लेक परत येते घरी. महिन्यानं निरोप आला की जावयाच्या दोन भावांनाही कोटावर पोपट हवेत.

माझी स्वतःची बंडी तिनं पोळ्याला बैलाच्या झुलीत घातली, ते मला पोळ्याच्या मिरवणुकीत कळलं. ढवळ्या माझ्या पुढून चालला होता आणि त्याच्या पाठीवर माझा खिसा होता. खरं सांगतो, झूल इतकी देखणी होती की गावच्या पाटलाच्या बैलाकडे कोणी बघेना.

लोक मला म्हणायचे, आबा, तुमची बायको वेडी आहे. मी म्हणायचो, आहे. पण तुमच्या शहाण्या बायकांनी शिवलेलं एक तोरण दाखवा.

आता खरी गोष्ट सांगतो. ती अशी जन्मापासून नव्हती. उलट आधी फार टापटिपीची बाई. घरात चिंधी दिसली तर तिला झोप येत नसे. आमचा थोरला दगडू पहिल्या जर्मन लढाईत खेचरांच्या तांड्याबरोबर बसऱ्याला गेला. एकोणीस वर्षांचा होता. तो गेल्यावर आठ दिवसांनी बोहारीण आली. हिनं दगडूचे दोन जुने सदरे आणि एक धोतर तिच्यापुढे टाकलं आणि पितळी गडू घेतला. घासाघीस करून घेतला. गल्लीभर दाखवत फिरली. "दगडू उना की याच गडूमा पानी दिसू त्याले."

दगडूचा एक कागद आला. वाळू फार आहे, पाणी खारट आहे, मायला सांगा काळजी करू नको. मग कागद आला नाही. वर्ष गेलं. लढाई संपली, दुसऱ्या गावची पोरं परत आली. आमच्याकडे कोणी आलं नाही, कोणी काही कळवलंही नाही. मी जळगावला जाऊन दोनदा कचेरीत उभा राहिलो. यादीत नाव नाही म्हणाले. मेलेल्यांच्याही नाही, परतलेल्यांच्याही नाही.

तेव्हा एक दिवस मी घरी आलो तर हिनं सगळं घर अंगणात काढून ठेवलेलं. कणग्या, पेट्या, अंथरुणं. "काय शोधतेस?" तर म्हणाली, त्याचा एक धागा शोधते. घरात धागा नव्हता. एवढी टापटीप नडली. मग ती बोहारणीच्या मागे लागली. तीन आठवडे बोदवडच्या बाजाराला गेली. बोहारीण सापडली आणि म्हणाली, माय, ते सदरे कुठल्या कुठे गेले, कोणाच्या तरी अंगावर असतील. झालं. तेव्हापासून ही बाजारात माणसांची तोंडं बघेना, सदरे बघायची. एकदा तिनं एका अनोळखी माणसाची बाही धरली आणि सोडेचना. मी हात जोडून सोडवली.

मग कात्री कमरेला आली. पहिला तुकडा माझा. मी जिनाच्या कामानं दहा दिवस बोदवडला निघालो होतो, माझ्या पागोट्याचं टोक तिनं कापलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "जा आते. आते जा."

आणि तोरणात डाव्या टोकाला पहिली जागा मोकळी. तिथे दोऱ्याचा नुसता फास, पान नाही. नवीन माणूस आलं की म्हणायचं, अक्का, एक पान गळालं तुमचं. ती म्हणायची, "ती त्यानी जागा शे." तो कोण, ते गल्लीला माहीत होतं. कोणी पुढे विचारत नसे.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. एका वर्षी तुळशीनाना आणि मी दोघांनी मिळून विषय काढला. नाना म्हणाले, "अक्का, दहा वर्षं झाली. पोराच्या नावाची घागर भरा. त्याच्या जिवाला पाणी मिळेल."

ती पान शिवत होती. मान वर केली नाही.

"घागर मरेल मानुसनी भरतस, नाना. तो मरना म्हनीसन कागद उना का तुमले?"

"नाही आला, पण..."

"मंग बसा. पानी प्या तुम्हीच."

नानांना तिनं पाणी दिलं. माझ्याशी मात्र पुढे आठ दिवस बोलली नाही. मी परत तो विषय काढला नाही. माझ्या मनात मी त्याची घागर कधीच भरली होती, हे तिला कळलं होतं, म्हणून राग. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं.

औंदा आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मी हाक मारली, ती उठली नाही. सोनी सणासाठी चार दिवस आधीच आली होती, तिनं हात लावून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. शिवण अर्धवट तिच्या उशाशी होती. गादीत सातही सुया तशाच.

दुपारपर्यंत माणसं जमली. तिला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं. उचलायच्या वेळी मी म्हटलं, थांबा. आणि उशाशी पडलेली कात्री घेतली.

"आबा, काय करतस?" तुळशीनानांनी माझा हात धरला.

मी म्हटलं, "नाना, या घरातून बाहेर जाणाऱ्याचा तुकडा घेतात. तुमचा पंचा दोनदा कापलाय तिनं, तेव्हा नाही विचारलंत?"

नानांनी हात सोडला. मी तिच्या पदराची आतली शिवण कापली. माझा हात सफाईचा नाही. वाकडंतिकडं कापलं गेलं.

परत आल्यावर मी ओट्यावर बसलो आणि तोरण मांडीवर घेतलं. पहिल्यांदा सगळी पानं नीट मोजून बघितली. माझं आहे. सोनीचं, जावयाचं, त्याच्या दोन भावांचं. मास्तरांचं दुसऱ्यांदा शिवलेलं. ढवळ्याच्या झुलीचं. तुळशीनानांचं, दोन्ही तुकड्यांचं. भांडायला आलेल्या एका भाऊबंदाचंही आहे. तिचं नाही. तीस वर्षांत तिचं एक पान नाही. बोदवडचा बाजार सोडला तर ती गाव सोडून कुठं गेलीच नव्हती, आणि आम्हा कोणाला तिच्या पदराला कात्री लावायचं सुचलंही नाही. आम्ही कापून घ्यायला उभे राहायचो आणि निघून जायचो. मागे ती एकटीच असायची, आम्हा सगळ्यांना दारावर टांगून.

दुसऱ्या दिवशी आखाजी. गल्लीत मुलींनी झोके बांधलेले, पण आमच्या घरामुळे कोणी बसेना. सकाळी मी उंबऱ्यावर बसलो आणि गादीतली पहिली सुई उपटली. दोरा लांब होता, तिनं सांगितल्यासारखा. हिरव्या चिंधीचं पान केलं, कापूस भरला, मधे पदराचा तुकडा ठेवला. बोटं टोचली. पान पानासारखं दिसत नव्हतं, वांग्यासारखं दिसत होतं.

सोनी शेजारी येऊन बसली. डाव्या टोकाचा मोकळा फास हातात घेऊन म्हणाली, "बाबा, मायले आठे लाव ना. दादाना जागावर. दोन्ही एकत्र ऱ्हातील."

मी म्हटलं, "नाही. ती त्याची जागा आहे."

मग त्या मोकळ्या जागेला लागूनच, माझ्या पानाच्या अलीकडे, तिचं पान टाचलं. मोकळा फास तसाच ठेवला. शिडीवर चढून तोरण दाराला बांधलं.

समोरून तुळशीनाना हळूच म्हणाले, "आबा, सुतकमा तोरन लावतस का कोनी?"

"हाई तोरन नई शे, नाना," मी म्हटलं. "आमना घरना बठ्ठा मानसं शेतस."

मग खाली उतरलो, मुलींना म्हटलं, बसा झोक्यावर, अक्का रागावेल नाहीतर. आणि उरलेल्या सहा सुयांपैकी एकीचा दोरा सुटत आला होता, तो परत ओवून ठेवला.