तपासणीचा अवयव : उजवा हात

ढाणकीत रक्ततपासणीचं शिबिर भरलं आणि बायकांची झुंबड उडाली. स्तनाच्या कॅन्सरची चाहूल रक्तातल्या आरएनएच्या अगदी बारीक तुकड्यांवरून लागते का, याचं संशोधन चालू होतं. म्हणजे हात पुढं करायचा, सुई टोचून घ्यायची, घरी जायचं. पदर हलायला नको. विज्ञान इतकं सभ्य असतं हे गावाला पहिल्यांदाच कळलं.

सभ्यपणा शेवटपर्यंत सांभाळला गेला. फलकावर 'महिलांचा विशेष आजार' एवढंच छापलं. उद्घाटक पंजाबराव चाळीस मिनिटं बोलले. त्यात मातृत्व आलं, संस्कृती आली, दुधाचं ऋणही आलं. अवयव तेवढा आला नाही.

इंदूबाईंच्या डाव्या स्तनात गाठ होती. तुरीच्या दाण्याएवढी होती तेव्हाच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. सदाशिवराव म्हणाले होते, "असं बोलत नसतेत." आता ती बोराएवढी झाली होती. म्हणून त्या रांगेत उभ्या होत्या.

फॉर्म भरत होते दवाखान्याचे नीळकंठबाबू. 'तपासणीचा अवयव' या रकान्यापाशी त्यांचा पेन अडला.

"मावशी, रक्त कुठून घेतलं?"

"हातातून. पण बाबू, गाठ तं..."

"चारचौघं बसून हायेत, मावशी!"

बाबूंनी 'उजवा हात' लिहिलं आणि कपाळ पुसलं. त्या दिवशी तीनशे बारा फॉर्म असेच भरले गेले.

दोन महिन्यांनी अहवाल आला : 'संशयास्पद. संबंधित अवयवाची तातडीने पुढील तपासणी करावी.' संबंधित अवयव कागदावर होताच. इंदूबाईंना हाडांच्या डॉक्टरकडं पाठवलं.

"हात तं ठणठणीत हाये," एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले.

"ते मले बी माहीत हाये. गाठ इथं हाये." त्यांनी पदरावर बोट ठेवलं. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. "तो विभाग वेगळा. आधी कागदावरचा अवयव बदलून आणा."

इंदूबाई पुन्हा बाबूंकडं. अवयव बदलायला अर्ज लागतो. त्यांनी लिहिलं, 'डाव्या स्तनात गाठ आहे.' बाबूंनी कागद झटकन पालथा घातला.

"हे रजिस्टरात कसं चढवू? जरा चांगल्या शब्दांत लिहा."

त्यांनी 'छाती' लिहिलं. त्यांच्या हृदयाचा आलेख काढला गेला. थुंकीही तपासली. हृदय उत्तम, क्षय नाही, अर्ज निकाली.

तेव्हा मात्र इंदूबाई दवाखान्याच्या कचेरीत मधोमध उभ्या राहिल्या. "स्तन! माह्या डाव्या स्तनात गाठ हाये! कायले लाजून राह्यले रे? मले मराचं नाही!"

कचेरीत सगळ्या माना खाली गेल्या. बाबूंनी पंचनामा केला : 'कार्यालयात अश्लील भाषा.' सदाशिवरावांनी माफीनामा लिहून दिला आणि बायकोला घरी नेलं. संशोधनाचा निष्कर्षही ठरला. ढाणकीच्या बायकांच्या उजव्या हाताला कसलाच धोका नाही.

इंदूबाईंची गाठ आता लिंबाएवढी आहे.

हसलात ना? मग घरी सगळे जेवायला बसले की ही गोष्ट आई-बहिणीपुढं मोठ्यानं वाचा. तो शब्द आला की तुम्हाला ठसका लागेल. शब्द गिळायचं हे काम नीळकंठबाबू पगार घेऊन करतात. तुम्ही फुकट करता.