रिंग, लवचिक, एक नग

शिलाई कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत नर्सबाईंनी बायकांचा कंडोम सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, आणि समोरच्या चाळीस बायकांनी एकदम आपापले डबे उघडले. जेवणाच्या सुट्टीला अजून दहा मिनिटं होती.

"अगं, बघा तरी इकडे! रोग लागत नाही, दिवस राहत नाहीत, आणि नवऱ्याच्या मर्जीवर बसायला नको. हा बाईनंच वापरायचा. पहिल्यांदा अवघड वाटतं, मग सवय होते."

"केवढा तो!" मागून कुणीतरी म्हणालं आणि खोलीभर खसखस पिकली.

खोक्यात शंभर पाकिटं होती. एकही हात पुढे आला नाही. काजाच्या मशीनवर बसणाऱ्या बाईचा हात मात्र शिवशिवत होता. तिला तीन मुलं होती. चौथं तिला मुळीच नको होतं, आणि "असलं रबरबिबर मी वापरणार नाही," असं नवऱ्यानं निक्षून सांगितलेलं. पण सगळ्यांदेखत उठायचं कसं? त्यात नवरा याच कारखान्यात स्टोअरकीपर! बातमी संध्याकाळच्या आत त्याच्या कानावर गेली असती.

नर्सबाई हिरमुसून निघाल्या त्या खोकं दाराशीच विसरून. तिथे मशीनच्या सुट्या भागांची खोकी उतरली होती. त्यांच्याबरोबर हेही स्टोअरात गेलं.

स्टोअरकीपर पक्का नियमाचा माणूस. साधी सुई हवी तरी चिठ्ठी आणा, आणि सीलबंद माल उघडायचा नाही म्हणजे नाही. पाकिटावरची परकी भाषा त्याला कळेना. त्यानं वरूनच चाचपून पाहिलं, आत गोल कडं लागलं. झालं! पाकिटं फळीवर चढली आणि खाली लेबल लागलं : 'रिंग, लवचिक'.

तिसऱ्या दिवशी काजवाली सुई मागायला आली. फळीवर नर्सबाईंचीच पाकिटं पाहून ती सुई विसरली. मग तिनं नवी चिठ्ठी लिहिली.

"काजाच्या मशीनला रिंग कशाला?" नवऱ्यानं स्टोअरच्या खिडकीतून विचारलं.

"कधी दगा होईल सांगता येत नाही. सारखी धाकधूक असते."

"मग आधीच नाही का मागायची?" त्यानं ऐटीत सही ठोकली.

तिनं फक्त शेजारच्या मशीनवालीला सांगितलं, तेही 'कुणाला बोलू नकोस' असं बजावून. त्यामुळे दुपारपर्यंत खिडकीपुढे रांग लागली. तोंडानं नाव घ्यायला नको, कुणी हसायला नको, चिठ्ठी द्या नि पाकीट घ्या. "बसली नाही तर परत आणा हं," स्टोअरकीपर प्रत्येकीला सांगत होता. एकीनंही परत आणली नाही; उलट बऱ्याचजणी दुसरी-तिसरी चिठ्ठी घेऊन आल्या.

काजवालीचं पाकीट मात्र कपाटातच राहिलं. घरी विषय काढायचा धीर होईना. रविवारी दुपारी मुलं खेळायला गेली होती, आणि रुमाल शोधताना ते नवऱ्याच्याच हाती लागलं.

"अगं, कारखान्याचा पार्ट घरी? ही चोरी झाली!"

"चोरी कसली? चिठ्ठी आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या कानात सगळं सांगितलं.

तो मटकन पलंगावर बसला. "म्हणजे मी इतक्या बायकांना... अगं, सुपरवायझरबाईंना मी 'दोन न्या' म्हणालो!"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू थांबलं, पाणी तेवढं राहिलं.

"अहो, मला चौथं नको. जीव घाबरतो माझा. तुम्ही वापरत नाही, निदान मला तरी वापरू द्या."

त्यानं चिठ्ठी पाहिली. 'मंजूर.' खाली त्याचीच सही. सही करून मागे फिरणं त्याच्या रक्तात नव्हतं. बराच वेळ तो पाकीट उलटंसुलटं करत बसला.

"पण हे सीलबंद आहे," तो पुटपुटला.

"मग उघडा की."

सोमवारी नर्सबाई खोकं शोधत खिडकीशी आल्या.

"संपली सगळी," स्टोअरकीपर खाली मान घालून म्हणाला. "आणखी शंभर पाठवा. फक्त लेबल तेच राहू द्या."

नर्सबाईंनी वाकून फळीवरचं लेबल वाचलं. तेवढ्यात तो उठला, दारातून बाहेर आला, खिडकीपुढे उभा राहिला आणि स्वतःची चिठ्ठी आत सरकवून, पुन्हा आत जाऊन तिच्यावर सही करून आला.

"नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला. "पहिल्या दोन माझ्या नावावर."