मामाजींचं कोरं रिव्हॉल्व्हर

आमच्या मामाजींकडे तीन चष्मे आहेत. एक लांबचं पाहायला, एक पेपर वाचायला आणि एक खोट काढायला. तिन्ही मीच बनवून दिलेत. बुलढाण्यात माझं चष्म्याचं छोटंसं दुकान आहे. डोळे तपासायला ते पहिल्यांदा खुर्चीत बसले, तेव्हा तक्त्यावरची अक्षरं वाचायच्या ऐवजी त्यांनी मला तक्त्याच्या कोपऱ्यात माशीने केलेला ठिपका दाखवला. "हे पुसत नाही काऊन?" म्हणाले. मी पुसला. तेव्हापासून पुसतोच आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे, नारायणराव. मोताळ्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत त्यांचा मळा आहे आणि मळ्यातच घर. "नवं म्हंजे कोरं!" हे त्यांचं आवडतं वाक्य. फ्रिजला मोहरीएवढा पोचा निघाला म्हणून त्यांनी तो दोनदा परत पाठवला होता. ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक इतकी वर्षं काढलं नाही की आता प्लास्टिकच्या चिंध्या झाल्यात आणि खाली सीट नवरीसारखी बसून आहे. मोताळ्याच्या बाजारात ते वांग्यांच्या ढिगापाशी टेकले आणि खिशातून तिसरा चष्मा काढला, की बाई आधीच हात जोडते, "बाबाजी, पुढच्या दुकानात जा ना बाप्पा! तिकळचे वांगे लय चांगले हायेत."

मीही या तपासणीतून गेलेलो आहे. मुलगा पाहायला आले तेव्हा चहा बाजूला ठेवून त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात उभं केलं. एक गोल फेरी मारली. माझ्या डाव्या कानामागे चामखीळ आहे, हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं. "किरकोळ हाय," असं ते सोबत आलेल्या भावाला म्हणाले, "केसात झाकून जाते." मी अजून त्या बाजूचे केस कमी करू देत नाही.

असा माणूस रिव्हॉल्व्हर घ्यायला निघाला.

त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. शेजारच्या मळ्यात एक म्हातारा-म्हातारी राहत होते. चोर शिरले, दोघांना बांधलं, होतं नव्हतं ते नेलं आणि जाता जाता म्हाताऱ्याचा हात मोडला. नंतर ते दोघं पोराकडे निघून गेले आणि त्यांच्या घराला कुलूप लागलं. माझ्या सासूबाई त्याच्या आधीच वारलेल्या. म्हणजे त्या सगळ्या रानात आता एकटे मामाजी.

माझी बायको नंदा रोज फोनवर रडायची. "बाबा, इकळे येऊन राहा ना."

"लेकीच्या घरी बाप राह्यत नसते, पोरी."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. आमची पोरगी जन्मेपर्यंत तर त्यांनी आमच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. पुढे पाणी चाललं, जेवण चाललं, मुक्काम मात्र कामापुरताच. दाढ काढायची आहे, सातबारा काढायचा आहे, असं काही असलं तर रात्रभर थांबायचे. काम नसताना लेकीकडे मुक्काम करणं म्हणजे त्यांच्या मते चारचौघांत धोतर सुटण्यासारखं.

"मी लायसन काढतो," ते म्हणाले. "मंग तर झालं?"

लायसनला वेळ लागला, पण आलं. आणि घ्यायला सोबत कोण? जावई. मी दिवाळीत फुलझडी लांब काडीला बांधून पेटवणारा माणूस आहे. टिकल्यांच्या पिस्तुलाने पोरं खेळू लागली तर मी आत जाऊन पाणी पितो. बुलढाण्यातल्या बंदुकांच्या दुकानात मी मामाजींच्या मागे मागे शिरलो. दुकानदाराने मखमलीवर ते काळं, गप्प जनावर आणून ठेवलं आणि मी कॅलेंडर वाचायला लागलो.

मामाजींनी चष्मा बदलला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक आता घोडा पाहील, चाप पाहील. मामाजींनी रंग पाहिला.

"हा ओरखडा कायचा हाय?"

"काका, सरकारी कारखान्याचा माल आहे. तिकडून चालवून, तपासून येतो. त्याचा असेल."

"म्हंजे वापरेल हाय?"

"तपासलेला आहे, काका."

"मंग माह्या हातात कोरा कसा आला?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरवरची एकादशी शोधत होतो. पुढे दिसलं की एका जागी काळा रंग कमी आहे, मुठीच्या दोन लाकडांमध्ये फट आहे आणि तिथल्या स्क्रूची चीर तिरपी आहे. दुकानदार म्हणाला, "काका, ही काही साडी नाही, उद्या आणून बदलून न्यायला. एकच नग आलाय, लायसनवर नंबरही चढला. तुम्ही सोमवारी या, काय होतं ते पाहू."

"म्हंजे सोमवारचं काम निघालं," मामाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. पण माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

घरी आणल्यावर नंदाने दारातच थांबवलं. रिव्हॉल्व्हर हा शब्द तिने आजवर उच्चारलेला नाही, ती त्याला 'ती वस्तू' म्हणते. पण वस्तू नवी, वडिलांची, म्हणजे पूजा आलीच. पाटावर लाल कापड अंथरून तिने ती वस्तू ठेवायला लावली. लांबूनच हात ताणून हळद वाहिली. कुंकू ओलं कालवून मुठीवर स्वस्तिक काढताना डोळे मिटून घेतले. ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, इथे कुठे ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी लिंबू मला हातात धरायला दिलं. ते मी इतकं घट्ट धरलं की पिळलं गेलं.

कुंकू लाकडात मुरलं. पुसलं तर गुलाबी झालं.

"काय केलं वं पोरी!" मामाजी कळवळले. "मूठ पाह्य, लग्नाच्या पत्रिकेसारखी दिसून राह्यली!"

"मंग जीव घेणाऱ्या वस्तूला कोरंच ठेवू का, बाबा?"

अशी आणखी एक खोट वाढली, आणि सोमवारची रीत सुरू झाली. मामाजी रविवारी दुपारच्या गाडीने घाट चढून यायचे. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचं मऊसूत फडकं, त्यात ती वस्तू, वर पिशवी. चामड्याचं कव्हर मिळालं होतं, पण त्याच्या बटणाने ओरखडा पडेल म्हणून ते घरीच. रविवारी रात्री मुक्काम, सोमवारी दुकान, जेवण, आणि उशीर झाला म्हणून सोमवारीही मुक्काम.

आल्या आल्या ते मोठ्या भिंगाखाली तपासणी करायचे. भिंग अर्थात माझ्या दुकानातलं. जागा आमचं जेवायचं टेबल. त्या वस्तूचं तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूला आम्ही कोणी बसायचो नाही. मी, नंदा आणि पोरगी, आम्ही तिघं टेबलाच्या एकाच कडेला, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे खांद्याला खांदा लावून भाकरी मोडायचो.

"रिकामं हाय, जवाईबापू," मामाजी म्हणायचे. चक्री बाहेर काढून सगळी भोकं दाखवायचे. भोकांतून पलीकडची बरणी दिसायची.

"हो ना, दिसतंय ना," मी म्हणायचो आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात जायचो.

एका रविवारी ते मिशीला कलप लावत बसले होते. लावता लावता उरलेला कलप काडीने त्या ओरखड्यावर ओढला. मिशी आणि नळी दोन्ही एकाच वेळी वाळत ठेवून ते वाऱ्याला बसले. सोमवारी दुकानदाराने वास घेतला आणि म्हणाला, "काका, हे काय लावलं?" मामाजी मिशीवर हात ठेवून म्हणाले, "घरगुती."

पण दुकानदारही चिवट निघाला. त्याने हळूहळू सगळं केलं. काळा रंग सारखा करून आणला. मुठीची लाकडं बदलली, फट गेली, गुलाबी गेलं, स्क्रूची चीरसुद्धा सरळ उभी राहिली. त्या सोमवारी मामाजींनी दुकानात भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"कोरं हाय," ते म्हणाले. मला वाटलं, आनंदाने बोलता येत नसेल.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंदाने त्यांच्या वाटची पोळी झाकून ठेवली. सोमवारी सकाळी फोन लागेना. दहा वाजता लागेना, मग लागला तर कोणी उचलेना. नंदाने माझ्या स्कूटरची किल्ली आणून समोर ठेवली.

राजूरचा घाट उतरताना माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याचा मोडलेला हात आला. त्याहून वाईट म्हणजे ती वस्तू आली. आता तर ती चांगली झाली होती, भरलेली असणार. चोरांनी हिसकावली असेल? पुसता पुसता चाप ओढला गेला असेल? की एकट्या माणसाच्या मनात भलतंच काही... ब्रेकवर माझा हात घामाने घसरत होता.

मळ्यात दुपारची शांतता होती. भर उन्हात दार आतून बंद. खिडक्याही बंद. मी कडी वाजवली.

"कोण हाय बे!" आतून आवाज आला. शब्द दमदार होते, आवाज मात्र थरथरत होता. "मायाजवळ बंदूक हाय! भरेल हाय!"

मी भिंतीला चिकटलो. "मामाजी, मी! मी, जावई!"

बराच वेळ काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. दार उघडलं. मागे ज्वारीची पत्र्याची कोठी होती, ती त्यांनी दाराला लावलेली. मामाजी घामेघूम. हातात बंदूक नव्हती, विळा होता. उशाशी तिखटाचा डबा. फोन गादीखाली दाबलेला.

"फोन काऊन उचलत नाही?" मीही वऱ्हाडीवर आलो.

"अनोळखी नंबर येऊन राह्यले दोन दिवसांपासून. मले वाटलं, कोणी घरात हाय का नाही थे पाहून राह्यले. मंग कोणाचाच उचलला नाही."

"आणि ती वस्तू?"

त्यांनी कोठीकडे बोट दाखवलं. ज्वारीत हात खुपसून मी फडकं काढलं. शेजारीच काडतुसांचं खोकं होतं. वरचं सील जसंच्या तसं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाटेवर बसले आणि तिसरा चष्मा काढून उगाच पुसायला लागले.

"तुमची सासू लय भ्यायची, जवाईबापू. म्हणायची, नंदाजवळ जाऊ. मी म्हणो, मी हाय ना." त्यांनी काचेवर फुंकर मारली. "थे होती तवा मले भेव नाही लागलं. थेच भेत होती ना, मंग मले भ्यायले कुठं टाइम होता."

"मग ही घेतली ना आता. काल का नाही आलात?"

"कायले येऊ? काम काय होतं? कोरं होऊन गेलं ना." मग हळूच म्हणाले, "खोट होती तोवर गोळ्या भरा लागत नव्हत्या. म्हणो, दुकानदाराले परत द्या लागते, भरून कसं चालीन? आता भरा लागतीन. अन् भरल्यावर मले त्या चोरापेक्षा तिचंच भेव वाटीन."

बाहेर कुठेतरी मोटार सुरू झाली आणि आम्ही दोघंही दचकलो.

मी ते फडकं उलगडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू माझ्या हातात होती. "रिकामी आहे ना?" मी विचारलं. त्यांनी चक्री काढून दाखवली. भोकांतून उन्हाची बारीक वर्तुळं जमिनीवर पडली. मी ती दोन्ही हातांनी धरून दारापाशी उजेडात नेली. मला ज्या उजेडात उभं केलं होतं, तसाच उजेड. शर्टच्या खिशातलं भिंग काढलं आणि नळीवरून फिरवलं. काही नव्हतं. दुकानदाराने काम चोख केलं होतं. मी धरलेली जागा तेवढी बदलली आणि तिथे माझ्या ओल्या अंगठ्याचा मोठा, मळकट ठसा उमटलेला दिसला.

"मामाजी, चष्मा घाला. हे पाहा, इथे डाग आहे."

ते आले. चष्मा घातला, भिंग घेतलं, वाकले. फडकं त्यांच्याच हातात होतं. एकदा फिरवलं असतं तर गेला असता.

"हाय खरा," ते खूप वेळाने म्हणाले. "चांगला मोठा हाय."

"दुकानदाराला दाखवावा लागेल. पण आज दुकान गाठायला उशीर होईल. म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत तिकडेच थांबावं लागेल तुम्हाला."

"आता कामच निघालं म्हटल्यावर..." म्हणत ते उठले. त्यांची पिशवी दाराआड खुंटीला टांगलेली होती. आत धोतर, टॉवेल, कलपाची पुडी, सगळं भरलेलं होतं.

खोकं डिकीत ठेवून, घराला कुलूप लावून आम्ही निघालो. ती वस्तू सैल घडीच्या फडक्यात, त्यांच्या मांडीवर, माझ्या पाठीला टेकलेली. घाटातल्या प्रत्येक वळणावर माझा जीव मणक्यात येत होता. एका खड्ड्यात स्कूटर आदळली तसा त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"जवाईबापू, हळू चालवा ना," मामाजी काळजीने म्हणाले. "डाग पुसल्या जाईन."