शेहजादीचं खानदान

गुलाबचाचांकडे चहा हवा असेल, तर आधी त्यांच्या कुत्रीच्या सात पिढ्या ऐकाव्या लागतात. मी अकरा वर्षं ऐकतेय, भिंतीला भिंत लागून राहते ना!

नायगावात चाचांचं गाद्या भरायचं दुकान. दाढीत कायम कापूस. शौक एकच, शिकारी कारवान कुत्रे. "बाप उदगीरचा सुलतान, दादा देगलूरचा बहादूर..." बोटं मोजत सुरू. तोवर रझियाचाचींचा चहा थंड. वर पालुपद ठरलेलं, "खानदानी चीज हाय, बाई!" एकदा एका पिल्लाच्या शेपटीत गाठ निघाली, तर तिसऱ्या दिवशी किनवटच्या पाहुण्याला देऊन मोकळे.

आताच्या कुत्रीची, ह्या शेहजादीची सोयरीक त्यांनी लातूरच्या एका कुत्र्याशी जमवली. गल्लीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांची झाली तरी शेहजादी माजावर येईना. उलट तंगडी वर करून मुतायला लागली. चाचा म्हणाले, "रुबाब हाय."

कसला डोंबलाचा रुबाब! मीच त्यांना नांदेडला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "चाचा, ही वरून मादी दिसते, पण पोटात नराच्या ग्रंथी आहेत. हे रक्तातनं आलंय, आईबापांकडून. हिला पिल्लं होणार नाहीत. हिच्या आईबापांची, भावंडांचीही जोडी लावू नका. ऑपरेशन करून ग्रंथी काढल्या की ही मजेत जगेल."

परतीच्या वाटेवर चाचा दाढीतला कापूस उपटत बसले. शेपटीची गाठ ज्याला खपली नाही, तो हिला ठेवील?

सकाळी बघते तर अंगणात नुसती साखळी. मी तावातावानं घरात घुसले. "कुठं धाडलं हो तिला?"

नव्याकोऱ्या गादीवर शेहजादी पसरलेली, चाचा खाली फरशीवर. माझा जीव भांड्यात पडला.

"हळू बोला, बाई. परवा आपरेशन हाय तिचं."

"आणि खानदान?"

चाचांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. "आम्हाला लेकरू झालं न्हाई. तीस साल लोक सांगून राहिले, दुसरी करा. रझियाला सोडलं का मी?"

आत भांडी वाजायची थांबली. मला रडू आलं, लपवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आता पाहुणा आला की चाचा गादीकडं हात करतात, "ही शेहजादी. आमची हाय." एवढंच. चहाही गरम मिळतो.