सातव्या मजल्यावरच्या कुरडया

हौसेरावांनी ठरवलं होतं ते इतकंच, की यंदाच्या कुरडया सातव्या मजल्यावर वाळवायच्या.

एरवी त्या गच्चीवर वाळायच्या. पण सानपाड्यातल्या त्यांच्या टॉवरच्या गच्चीवर सोलरची पॅनेलं बसली आणि सगळं ऊन सोसायटीच्या सेवेत रुजू झालं. "अहो, तुम्ही सेक्रेटरी ना? मग माझ्या कुरडया काय पंख्याखाली वाळवू?" असं त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी विचारल्यावर सेक्रेटरींना सातव्या मजल्यावरचा रेफ्यूज एरिया आठवला.

मोकळी जागा, बाहेरच्या बाजूला नुसता कठडा, भरपूर ऊन, भरपूर वारा आणि भिंतीवर लाल पाटी: आग लागल्यास येथे थांबावे, अडथळा करू नये. हौसेरावांचं बालपण साताऱ्याकडच्या शेतात गेलेलं. तिकडे माणूस बांधसुद्धा रिकामा ठेवत नाही, तिथेही तूर टोकतो. एवढी जागा नुसती मोकळी सोडायची हा नियम त्यांना शहरी उधळपट्टीचा वाटायचा. "आग काय रोज लागते? आणि कुरडया तर दरवर्षी होतात!" ते म्हणाले. (हा मुद्दा त्यांना इतका आवडला की लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला.)

मुद्दा सगळ्यांनाच पटला. कुरडयांशेजारी शेवया आल्या, मग साबुदाण्याच्या चकल्या, मग मिरच्या. इथवर ठीक होतं. पण नवव्या मजल्यावरच्या पुतळाबाईंनी जवळा वाळत घातला.

"पुतळाबाई, वास येतो हो कुरडयांना," हौसेराव अदबीनं म्हणाले.

"मंग कुरड्या हलवा," पुतळाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या इथल्याच, जवळच्या बोनकोडे गावच्या. "आमी इथं भात लावत व्हतो ना, तवा तुमचा टावर पन नव्हता."

इतिहासाशी वाद घालता येत नाही, म्हणून हौसेरावांनी वेल्डर बोलावला. रेफ्यूज एरियाला लोखंडी गजांचं दार बसलं, दाराला भलंमोठं कुलूप लागलं. सकाळी शाकाहारी वाळवण, दुपारी मासळी, किल्ली सेक्रेटरींकडे. सोसायटीच्या इतिहासात हा एकच ठराव भांडणाशिवाय पास झाला. हौसेराव त्या आठवड्यात जरा ताठच चालत होते. किल्ली त्यांनी तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली, कारण महत्त्वाची वस्तू डोळ्यांसमोर ठेवू नये असं त्यांचं मत होतं.

आणि एका सकाळी खाली मीटर रूममध्ये वायर जळाली.

आधी सायरन वाजला. कुणाच्या तरी गाडीचा असेल म्हणून लोकांनी चहा पिणं चालू ठेवलं. मग लाइट गेले, लिफ्ट थांबल्या आणि जिन्यातून काळा धूर वर यायला लागला. हौसेराव अकराव्या मजल्यावर राहायचे. विजयमालाबाईंचे गुडघे दुखरे, त्या कठड्याला धरून आडव्या आडव्या उतरत होत्या. "सातव्यापर्यंत चल, तिथं वारा आहे," हौसेराव धीर देत होते. आठव्या मजल्यावर त्यांचे डोळे झोंबायला लागले. सातव्यावर ते पोचले, आणि समोर त्यांचं स्वतःचं कुलूप.

"किल्ली?" विजयमालाबाई म्हणाल्या.

हौसेरावांनी बंडीचा खिसा चाचपला. घरातून निघताना त्यांनी आठवणीनं एकच वस्तू बरोबर घेतली होती. सोसायटीचा रबरी शिक्का.

"डाळीत आहे," ते म्हणाले.

"कुठल्या डाळीत?"

"तुरीच्या."

विजयमालाबाई यावर पुष्कळ बोलू शकल्या असत्या, पण त्यांना खोकला आला. त्या पायरीवर बसल्या आणि खोकतच राहिल्या. गजांपलीकडे, अगदी हातभर अंतरावर, कुरडया उन्हात पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. तिकडे वारा होता. ज्यांना वाऱ्याची गरज नव्हती, त्यांना तो मिळत होता. हौसेराव भयंकर घाबरले. आपण ज्या जागेला रिकामी म्हणत होतो ती रिकामी नव्हतीच, ती हिच्यासाठी राखून ठेवलेली होती, हे त्यांना त्या धुरात लख्ख दिसलं.

"थांब, मी वर जाऊन आणतो."

विजयमालाबाईंनी त्यांची बंडी घट्ट धरली. "नका जाऊ. मला एकटीला इथं ठेवून नका जाऊ."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण 'नका जाऊ' हे शब्द हौसेराव पहिल्यांदाच ऐकत होते. (एरवी 'जाता का एकदाचे?' असं असायचं.) त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळंच धुराचं नव्हतं.

तेवढ्यात पुतळाबाई उतरल्या. त्यांच्या काखेत सासूचा लोखंडी खलबत्ता होता. घरातलं तेवढंच वाचवावंसं त्यांना वाटलं होतं.

"चावी कुठं हाय?"

"डाळीत," दोघंही म्हणाले.

पुतळाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. बत्ता उचलला आणि घाव घातले. कुलूप काही हललं नाही. ते उत्तम प्रतीचं होतं. पण वेल्डर हौसेरावांनी सगळ्यांत स्वस्तातला निवडला होता, त्यामुळे अख्खं दारच बिजागरीतून निखळून आत पडलं, कुरडयांवर. पुतळाबाईंनी विजयमालाबाईंना धरून नेलं आणि कठड्याशी बसवलं. विजयमालाबाईंनी छाती भरून श्वास घेतला. त्यात जवळ्याचाही वास होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

आग लवकर विझली. अग्निशमन दलाचे साहेब वर आले, पडलेलं दार पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी लावलं?"

"सोसायटीनं," हौसेराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष बायकोच्या काजळी लागलेल्या चेहऱ्याकडे गेलं. "नाही. मी."

त्याच दिवशी हौसेरावांनी ती जागा स्वतः झाडून मोकळी केली. पुढच्या रविवारी साहेबांनी मॉक ड्रिल ठेवली. "एक बेशुद्ध माणूस लागेल," ते म्हणाले. "त्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही, काही ठरवायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

"ह्यांना घ्या," विजयमालाबाई म्हणाल्या.

हौसेराव स्ट्रेचरवर पडले. सहाव्या मजल्यावरून चौघांनी त्यांना उचललं आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. हौसेरावांना राहवेना. त्यांनी मान उचलली.

"अहो, जरा डावीकडून घ्या. माझं ऐका, मी सेक्रेटरी..."

"गप पडा," विजयमालाबाई म्हणाल्या, "तुम्ही बेशुद्ध आहात."