बटाट्याला सफरचंद म्हणवणारे वझेकाका

आमच्या शेजारच्या वझेकाकांनी एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी पाटीलसाहेब यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, त्यांना नाक दाबून धरायला लावलं आणि कच्च्या बटाट्याची फोड खाऊ घातली. पाटीलसाहेब दोन मिनिटं चावत होते. मग म्हणाले, "सफरचंद. जरा कमी गोड आहे, पण सिमल्याचं असणार."

काका टाळ्या पिटत नाचले. "जीभ बिचारी काय करणार? मेंदू बनवतो हो!"

काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झाले आणि डोंबिवलीच्या रद्दीवाल्याकडे त्यांना अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मिळालं. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये साधं काही घडेनासं झालं. पाहुणा जिन्यातच "कसला हो हा केमिकलचा वास?" म्हणाला, की काका धावत बाहेर. "तुम्हाला येतो? शाब्बास! आमची नाकं सरावली. दहा मिनिटं थांबा, तुमचंही सरावेल." आणि पाहुण्याला खरंच जिन्यात थांबवून ठेवायचे. वॉचमनला एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात बुडवून मग दोन्ही कोमट पाण्याच्या बादलीत घालायला लावले. एक हात गार म्हणतोय नि दुसरा गरम, हे कळल्यावर तो बिचारा म्हणाला, "साहेब, मी बरा आहे ना?"

"एक नंबर बरा आहेस. मेंदू बनवतो!"

काकू दारातून हसत बघायच्या आणि मला म्हणायच्या, "सुहास, तू तरी यांच्या नादी लागू नकोस रे."

मग कानाचा प्रयोग निघाला. पॅसेजच्या टोकाला खुर्ची. बसणाऱ्याने डोळे मिटायचे. काका चावीचं घड्याळ घेऊन लिफ्टपासून हळूहळू चालत येणार. टिकटिक ऐकू आली की हात वर. कुणाचा हात पाटलांच्या दाराशी वर गेला, कुणाचा आमच्या. शेवटी काकू बसल्या. काका लिफ्टपाशीच होते, तोच काकूंचा हात वर!

"अहो, स्वच्छ येतंय की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी पहिला नंबर जाहीर करून काकूंना चिक्कीचं पाकीट दिलं आणि घड्याळ माझ्या हातात. मी सहज कानाला लावलं.

"काका, हे बंद आहे."

"हळू बोल," ते म्हणाले. मग वळून काकूंकडे पाहिलं. त्या चार हात अंतरावर उभ्या राहून चिक्की वाटत होत्या. आमचं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"तिची पाळी आली तेव्हा मीच बंद केलेलं," काका म्हणाले. "ऐकू आलं नाही तरी ती हात वर करणार, ठाऊक होतं. हिच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या चुकायला लागल्या तेव्हाच शंका आली. डॉक्टरकडे चल म्हटलं की रडते. म्हटलं, अख्ख्या बिल्डिंगलाच तपासू. तिला एकटीला बसवायला नको."

"मग तो बटाटा?"

"एकदम कानावर आलो असतो तर तिला संशय नसता आला?" काकांनी माझा दंड धरला. "शनिवारी कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. तुझे कान दाखवायला."

"माझे?"

"एकट्याला भीती वाटते म्हण. लगेच येईल ती."

काकू खरंच आल्या. रिक्षात माझा हात थोपटत होत्या. दवाखान्यात म्हणाल्या, "थांब, आधी मी बसते. बघ, काही होत नाही." आणि हेडफोन लावून काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं होतं.

काका बाहेर काचेला नाक लावून उभे होते. नजर फक्त काकूंच्या अंगठ्यावर. अंगठा हलेना. पलीकडे मशीनवर बसलेल्या बाई आवाज वाढवत होत्या. अंगठा हलेना.

मग हलला.

"दाबलं!" काका इतक्या मोठ्यांदा ओरडले की नंबर लावून बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. "सुहास, दाबलं रे तिनं!"