कर नाही

आमचे तांबे गुरुजी पुस्तक मागून वाचतात. म्हणजे शेवटचं प्रकरण आधी, असंही नाही. त्याच्याही मागची, बारीक टायपातली नामसूची. चष्मा कपाळावर, पुस्तक नाकाशी आणि बोट एकेका नावावरून सरकत असतं. यादी संपली की पुस्तक मिटून म्हणतात, "कर नाय."

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या वाचनालयाची ग्रंथपाल. गुरुजी खेळाचे निवृत्त शिक्षक आणि आमच्या पुस्तक निवड समितीतले सर्वांत हौशी सभासद. यंदा गावासाठी सामूहिक वाचनाचा उपक्रम ठरला, विषय खेळाडूंची चरित्रं. पहिल्याच बैठकीत गुरुजींनी फर्मान काढलं, "ज्यू खेळाडूच घ्यायचे." का, ते सांगितलं नाही. क्रिकेटवाले हिरमुसले. पण गुरुजींची शिट्टी अजून खिशात असते आणि बैठकीतही वाजते, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

पुस्तकं आली. एक मुष्टियोद्धा, एक जलतरणपटू, एक जिम्नॅस्ट. सगळ्यांना शेरा एकच, "कर नाय." तीन दिवस मी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी नीट समजावलं, की गुरुजी, पुस्तकांवर कर नसतोच.

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आडनावातला कर, बाय. केळशीकर."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एलिया केळशीकर त्यांच्या वर्गात होता. कोकणातल्याच ज्यू घरातला. शनिवार हा त्यांचा धर्माने विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. कबड्डीत एलिया चढाईला गेला की दोघातिघांना बाद करूनच परतायचा. शाळेचा अंतिम सामना नेमका शनिवारी आला. एलिया आला नाही आणि संघ हरला.

"मी कप्तान. सोमवारी सगळ्या वर्गादेखत त्याला पळपुटा म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात घरची सगळी इस्रायलला गेली. एवढा भारी गडी, तिकडं कुठंतरी त्याचं नाव छापून आलं असंलच की."

तिकडे कबड्डी कोण खेळतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गुरुजींचं बोट अजून त्या यादीवरच होतं. मला फार वाईट वाटलं आणि मी पुढचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

शेवटी जलतरणपटूचं पुस्तक मंजूर झालं. मी फळ्यावर लिहिलं, 'वाचन शनिवारी, दुपारी चार वाजता.' मागून शिट्टी वाजली.

"रविवार कर."

"गुरुजी, रविवारी लोक कमी येतात. आणि एलिया काही इस्रायलहून यायचा नाही."

"नाय आला तर नाय आला," ते फळा पुसत म्हणाले. "पण त्याला यायचं असंल आणि आपण शनिवार ठेवला, असं परत नको, बाय."

मी खडू उचलला आणि रविवार लिहिला.